खालून बघायचा चेहरा

माझ्या काकांना गावात कुणी नावानं हाक मारत नाही. भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना 'टाउन हॉल' म्हणतात. "टाउन हॉल आज दिसले नाहीत." "टाउन हॉलना सर्दी झालीय म्हणे." काकांना याचा राग येत नाही. उलट कुणी आडनावानं हाक मारली तर ते क्षणभर इकडेतिकडे बघतात, हा कुणाला बोलावतोय म्हणून.

ते टाउन हॉलचे केअरटेकर होते. किल्ल्या सांभाळायच्या, सभेआधी खुर्च्या मांडून घ्यायच्या, सभेनंतर लोकांनी विसरलेल्या छत्र्या जपून ठेवायच्या, गळणाऱ्या नळांवर नजर ठेवायची, असं एकूण काम. पण त्यांना विचाराल तर ते म्हणायचे, "मी इमारत चालवतो." जणू तिला चाकं होती आणि काका सुट्टीवर गेले की ती उतारावरून घरंगळणार होती.

इमारत व्हिक्टोरियन काळातली. टोकदार कमानी, लांबट रंगीत काचा, आणि डोक्यावर एक मनोरा. हा मनोरा बरोबर मध्यावर नाही, किंचित डावीकडे आहे. मूळ आराखड्यात तो नव्हताच. पाया भरून झाल्यावर शेजारच्या गावानं घड्याळाचा मनोरा बांधायला काढला आणि इथल्या समितीच्या पोटात दुखू लागलं. मग जिथे भिंती त्यातल्या त्यात जाड होत्या तिथे मनोरा बसवला. काका पाहुण्यांना हे सांगताना मनोऱ्याची बाजू घेत. "टोपी थोडी तिरकी असल्याशिवाय रुबाब येत नाही," ते म्हणत.

घरी आलेल्या पाहुण्यांची टाउन हॉलच्या फेरीतून सुटका नव्हती. चहाचा कप खाली ठेवला की काका उठून चपला घालायचे. मग मोठ्या सभागृहातल्या संगमरवरी खांबांवर बोटाची टिचकी मारून दाखवायचे. खांबातून घंटेसारखा आवाज यायचा, कारण खांब ओतीव लोखंडाचे, संगमरवर फक्त रंगाचा. छतावरच्या लोखंडी फुलांना मधोमध भोकं का, तर त्या काळात गॅसचे दिवे असत आणि सभेची सगळी गरम हवा त्या फुलांतून वर निघून जाई. "भाषणांसकट," असं काका पुढे जोडायचे, आणि पाहुणे हसेपर्यंत थांबायचे. जिना एवढा रुंद का, तर तेव्हाच्या बायकांचे घेरदार झगे मावावेत म्हणून. पण इमारत पूर्ण होईपर्यंत इतकी वर्षं गेली की त्या झग्यांची फॅशनच गेली. मग त्या प्रचंड जिन्यावरून साध्या कपड्यातल्या बायका एकेकट्या चढू लागल्या, भल्या मोठ्या ताटात एकच घास वाढावा तशा.

काकूची यावर वेगळी आठवण आहे. "लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला नेलं ते टाउन हॉलमध्ये," ती सांगते. "मला वाटलं, नाटक असेल. नटूनथटून गेले. नाटक नव्हतं. खांब होते."

या फेरीत काकांचा जीव खरा अडकला होता तो छताखालच्या डोक्यांत. इमारतीच्या दर्शनी बाजूला, छताच्या कडेखाली, दगडी डोक्यांची एक रांग आहे. छताचं ओझं या डोक्यांवर टेकल्यासारखं दिसतं, आणि काही चेहरे तसे वैतागलेलेही आहेत. इमारतीचा आराखडा करणारा वास्तुकार दूरच्या शहरातला. पायाभरणीला एकदा येऊन गेला आणि नंतर त्यानं सगळे नकाशे टपालानं पाठवले. नकाशात छताखाली नुसती वर्तुळं काढलेली होती. त्या वर्तुळांत काय भरायचं ते त्यानं कारागिरांवर सोडलं. कारागिरांनी मग जे चेहरे रोज समोर दिसत होते तेच भरले. त्यात एक सुजलेल्या गालाची बाई आहे, तिची दाढ दुखत असावी. एक चष्मेवाला आहे, एक मिशीवाला, एक तोंड उघडं टाकून झोपलेला. आणि मुख्य दाराच्या बरोबर वर गुबगुबीत गालांचा एक माणूस होता. त्याला काका 'बेकर' म्हणत. तो खरोखर बेकर होता की नाही ते देव जाणे.

तर दोन वर्षांपूर्वी एका सकाळी हा बेकर खाली पडला. वर्षानुवर्षं दगडात पाणी मुरत होतं, तेवढंच कारण. दार उघडायच्या आधीची वेळ होती, त्यामुळे कुणाला लागलं नाही. पायरीवर आपटून त्याचे तुकडे झाले. काकांनी ते तुकडे टोपलीत गोळा केले आणि घरी आले.

"चेहरा असा, की मला वाटलं घरातलं कुणीतरी गेलं," काकू सांगते. "विचारलं, अहो, कोण? तर म्हणे, बेकर. मी म्हटलं, अरे देवा, कालच तर त्याच्याकडून पाव आणला!"

दुरुस्तीसाठी परांची बांधली गेली. इमारतीच्या मागच्या अंगणात पत्र्याची शेड उभी राहिली आणि त्या शेडमध्ये पाथरवट बाई आल्या. पन्नाशीच्या आतबाहेर वय, केस कापडात घट्ट बांधलेले, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी. जुन्या इमारतींचं कोरीवकाम दुरुस्त करत गावोगाव फिरणं हा त्यांचा धंदा. बोलायच्या कमी. जे बोलायच्या ते छिन्नी न थांबवता बोलायच्या, त्यामुळे ऐकणाऱ्याला दोन ठोक्यांच्या मध्ये शब्द पकडावे लागत.

प्रश्न असा पडला की बेकरच्या जागी काय बसवायचं. त्याचा चेहरा पडण्याआधीच झिजून गुळगुळीत झाला होता, आणि जवळून काढलेला फोटो कुणाकडेच नव्हता. हॉलचा कारभार बघणाऱ्या समितीचे सचिव म्हणाले, जुन्यासारखाच करा. बाई म्हणाल्या, जो कुणी पाहिलाच नाही त्याच्यासारखा कसा करू? सचिव म्हणाले, मग आपल्या अध्यक्षांचा करा.

"अध्यक्ष दर निवडणुकीला बदलतात," बाई म्हणाल्या. "मी कितीदा वर चढू?"

मग त्यांनी आपली पद्धत सांगितली. जुन्या कारागिरांना चेहरे कुणी वरून नेमून दिले नव्हते. समोर वावरणारी माणसं त्यांनी कोरली. नवा दगड बसवायचा तर त्याच रीतीनं बसवावा, आजच्या माणसाचा चेहरा आणि कोरणाऱ्याच्या पसंतीचा. समितीनं बरीच चर्चा करून मान्यता दिली. अटी दोनच. ज्याचा चेहरा घेणार त्याची संमती हवी, आणि परांची महिनाअखेर उतरायला हवी, कारण हॉलचं पुढचं बुकिंग झालेलं होतं.

ही बातमी काकांनी घरी अगदी सहज सांगितली, आमटीत मीठ कमी आहे हे सांगावं तशी. आणि त्या दिवसापासून त्यांचं वागणं बदललं.

त्याच हंगामात ते निवृत्त होणार होते. किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्या कुणाच्या तरी कमरेला जाणार होता. याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. पण तो चेहरा आपला असावा, आपण गेल्यावरही आपण तिथे असावं, ही इच्छा त्यांच्या मनात किती खोल गेली होती ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. दिसत नाही असं फक्त त्यांना वाटत होतं.

आधी एक दिवसाआड होणारी दाढी आता रोज होऊ लागली. मिशीला तेल लागू लागलं. मागच्या अंगणात त्यांना अचानक पुष्कळ कामं निघाली. नळ बघायचा, गटार बघायचं, भिंतीला ओल आलीय का ते बघायचं. भिंत बघताना ते शेडच्या दाराशी आडवे उभे राहत, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू आत दिसावी. थोड्या वेळानं वळून दुसरी बाजू.

"आज कुठली बाजू दाखवलीत?" काकू संध्याकाळी विचारायची.

"कसली बाजू?"

"डावी चांगली आहे हो तुमची. उजवीकडे तो मस आहे."

"अगं, मी ओल बघत होतो."

"मग ओल तरी काय म्हणाली?"

शेवटी एका दुपारी बाईंनी छिन्नी खाली ठेवली. काका तेव्हा अंगणातल्या, कोरड्या ठणठणीत भिंतीवरून हात फिरवत होते.

"केअरटेकर साहेब," बाई म्हणाल्या, "तुम्ही रोज इतका वेळ उन्हात उभे राहता, त्यापेक्षा आत स्टुलावर बसा ना. माझंही काम होईल."

"म्हणजे?" काका म्हणाले, जणू त्यांना काही कळलंच नव्हतं.

"तुमच्या चेहऱ्यावर सावल्या चांगल्या पडतात. दगडाला तेच लागतं. बसता का?"

काका बसले. त्यांनी घरी येऊन सांगितलं की आपण नाही-नाही म्हणत होतो, पण बाईंनी फारच आग्रह केला. काकूनं त्या दिवशी गोड केलं आणि वाढताना एवढंच म्हणाली, "सावल्यांना अजून थोडं वाढू का?"

पुढचे काही दिवस काका सुखात होते. बाई आधी मातीत चेहरा घडवत, हातात कंपाससारखं माप घेऊन त्यांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंतची अंतरं मोजत. काका हलायचं नाही म्हणून ओठ न हलवता इमारतीचा इतिहास सांगत. बाईंना तो बऱ्यापैकी माहीत होता, तरी त्या ऐकून घेत. मध्येच एकदा म्हणाल्या, "बोला, पण भुवया नका उडवू. तुम्ही मनोऱ्याचं नाव काढलं की दोन्ही भुवया वर जातात." मातीचा चेहरा झाल्यावर काम दगडावर गेलं, आणि मग काकांनी बसायची गरज उरली नाही. दगड पूर्ण होईपर्यंत बघायचा नाही, असं बाईंनी सांगितलं होतं.

काकांनी ते पाळलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

बाई जेवायला गेल्या असताना ते शेडमध्ये शिरले आणि दगडावरचं पोतं त्यांनी उचललं. समोर टेबलावर, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत, एक भयंकर माणूस होता. नाक असं, की आधी नाक घडवून उरलेल्या दगडात चेहरा बसवला असावा. भुवया छपरासारख्या पुढे आलेल्या. डोळ्यांच्या खोबणीत बोटाची दोन पेरं जातील एवढी खोली. ओठांच्या दोन बाजूंना नांगरल्यासारख्या रेघा. आणि वाईट म्हणजे हे सगळं असूनही तो माणूस कोण आहे ते स्पष्ट कळत होतं.

काका घरी आले ते बोलेचनात. काकूला काय ते समजेना, म्हणून ती स्वतः जाऊन बघून आली. तिनं पोतं उचललं, आणि मग तिला हसू आवरेना. शेजारच्या न घडवलेल्या दगडावर बसून ती पदर तोंडाशी धरून हसत राहिली. दुर्दैव असं की काका तिच्या मागोमाग आले होते.

"हस," ते दारातून म्हणाले. "तू हसतेस. उद्या गाव हसेल."

तेवढ्यात बाई परतल्या. उघडं पडलेलं काम बघून त्यांना काय वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं नाही. त्यांनी फक्त हात धुतले.

"साहेब, हे वर जायचंय," त्या म्हणाल्या. "खालून, लांबून बघायचंय. तिथून नाक एवढंच दिसेल जेवढं तुमचं आहे. आता तुम्हाला आवडेल असं केलं तर वर बटाटा दिसेल."

"बाई, मला इमारती कळतात," काका म्हणाले. "पण हे नाक... हे माझं नाही. थोडं कमी करा."

"कमी केलेला दगड परत येत नाही."

"मग माझी संमती नाही," काका म्हणाले आणि निघून गेले.

ही गोष्ट सचिवांच्या कानावर गेली. त्यांना फार वाईट वाटलं नाही. दुसऱ्याच दिवशी ते अध्यक्षांचा काळ्या गॉगलमधला फोटो घेऊन शेडमध्ये आले. बाईंनी फोटो बघितला आणि विचारलं, "डोळे कुठे आहेत?" सचिव म्हणाले, डोळ्यांचं काय ते तुम्ही बघा. परांची उतरायला थोडेच दिवस राहिले होते. नवा दगड घडवायला वेळ नव्हता, त्यामुळे सचिवांनी तोडगा काढला की याच दगडाची मिशी उडवून, केस वाढवून अध्यक्ष करता येतील का ते बघावं.  बाईंनी दगड पुन्हा पोत्यानं झाकला.

घरी काका भिंतीकडे तोंड करून वर्तमानपत्र वाचत. दाढी पुन्हा एक दिवसाआड आली. काकूनं आधी चेष्टा करून बघितली, पण ती चेष्टा जमिनीवर पडून राहायला लागली तेव्हा ती गप्प झाली. "चिडले असते तर चाललं असतं," ती मला म्हणाली. "हे चिडलेले नाहीत गं. यांना हवंय, आणि आता मागता येत नाहीये."

त्या आठवड्यात एका शाळेची मुलं हॉल बघायला आली. काकांचं मन नव्हतं, पण फेरी चुकवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. काकू डबा घेऊन गेली होती, ती दारापुढच्या पायऱ्यांशी थांबली. काका मुलांना दर्शनी भिंतीवरची अक्षरं दाखवत होते. तिथे दगडात कोरलेल्या मजकुराच्या ओळी आहेत, एकाखाली एक.

"सगळ्या ओळी सारख्या दिसतात ना?" काका म्हणाले. "नाहीत. सगळ्यात वरची सगळ्यात मोठी आहे. का? कारण आपण खाली उभे आहोत. लांबचं लहान दिसतं. मग कारागिरानं काय केलं? वरचं आधीच मोठं कोरून ठेवलं. तो दगडाकडे बघून कोरत नाही, मुलांनो. तो तुमच्या डोळ्यांसाठी कोरतो. शिडी लावून जवळ गेलात तर ती ओळ बेढब दिसेल. पण शिडी लावून वाचायला सांगितलंय कुणी?"

मुलांनी माना हलवल्या. काकूनं ही ओळीची गोष्ट किती वेळा ऐकली असेल याचा हिशोब नाही. पण आजवर ती ऐकताना तिचं लक्ष डबा गार होतोय याकडे असायचं. त्या दिवशी ती हातातला डबा तसाच धरून उभी राहिली. मग पायऱ्या न चढता मागच्या अंगणात गेली.

"बाई," ती शेडमध्ये जाऊन म्हणाली, "तुमचं काम संपलंय का?"

"गालाच्या रेघा अजून खोल करायच्या आहेत. कान राहिलाय. पण करून काय उपयोग?"

"करा. ठोकायचा आवाज जरा मोठा येऊ द्या."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. "मी नाक कापणार नाही हं, वहिनी. आणि खोटंही सांगणार नाही."

"तुम्ही कशाला खोटं सांगाल? तुम्ही कानाचं काम करा. बाकीचं मी बघते. लग्नाला इतकी वर्षं झालीत, यांना काय कुठून दाखवायचं ते मला ठाऊक आहे."

त्या दुपारी काका ऑफिसात बसले होते. मागून छिन्नीचे खणखणीत आवाज येत होते. काकू समोर बसून निवांतपणे सुपारी कातरत होती.

"काय चाललंय तिकडे?" काकांनी शेवटी विचारलं.

"मी सांगून आले, यांना नाक जड वाटतंय म्हणून."

"मग?"

"ऐकताय ना आवाज?"

काकांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. "फार नको हं कापायला," ते एकदम म्हणाले. "अगदीच चपटं व्हायचं."

संध्याकाळी काकू त्यांना शेडमध्ये घेऊन गेली. तिनं आधीच बाईंकडून दगड टेबलावरून उचलून मागच्या उंच फळीवर ठेवून घेतला होता, आणि दाराजवळ एक बुटकी खुर्ची. "बसा," ती म्हणाली. "दिवसभर पाय दुखतायत म्हणत होतात ना?"

काका बसले. खाली बसून, मान वर करून त्यांनी बघितलं. शेडच्या फटीतून आडवं ऊन येत होतं. भुवयांची सावली डोळ्यांवर पडली होती, नाकाची ओठांवर, आणि त्या सावल्यांतून एक माणूस खाली बघत होता. थोडा अभिमानी, थोडा चिंतेत, कुठेतरी नळ गळतोय असं वाटत असलेला. बाईंनी दरम्यान गालाच्या रेघा आणखी खोल केल्या होत्या, त्यामुळे नाक खरं तर आधीपेक्षा पुढे आलं होतं.

काकांनी खुर्ची थोडी मागे सरकवली आणि पुन्हा वर बघितलं.

"बघ," ते शेवटी म्हणाले. "थोडंसंच कापलं, पण केवढा फरक पडला."

"हो ना," काकू म्हणाली.

"बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा हात चांगलाच आहे. कधीकधी बाहेरच्या माणसाला पटकन दिसतं, इतकंच."

बाई कापडानं छिन्नी पुसत होत्या. "मला जे करायचं होतं ते मी केलं, साहेब," त्या म्हणाल्या. "सही करता?"

काकांनी संमतीवर सही केली. सचिवांनी गॉगलवाला फोटो परत नेला. दोन दिवसांनी साखळीच्या कप्पीनं दगड वर गेला. काका खाली उभे राहून ओरडून सूचना देत होते आणि वर कुणालाही त्या ऐकू येत नव्हत्या. महिनाअखेर परांची उतरली.

चेहरा सगळ्यात आधी ओळखला तो पोस्टमननं. त्यानं सायकल थांबवली, वर बघितलं, आणि दारात उभ्या काकांना म्हणाला, "अहो टाउन हॉल, तुम्ही तिकडे वर काय करताय?" काकांनी त्याला त्या दिवशी चहा पाजला, आणि पुढचा आठवडाभर गावात कुणाचंही टपाल वेळेवर पोचलं नाही, कारण पोस्टमन प्रत्येकाला तो चेहरा दाखवत फिरत होता. लोक बघायला येत. खालून बघितलं की नाक जेवढ्यास तेवढं दिसतं. मिशी, भुवया, सगळं जिथल्या तिथे. शेजारची दाढदुखीवाली बाई त्यांच्याकडून तोंड फिरवून आहे, पण हे काही काकांच्या हातात नव्हतं.

बाई पुढच्या गावी गेल्या. काका निवृत्त झाले, किल्ल्या दिल्या, निरोपाच्या सभेत खांबांवर टिचकी मारून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी टाउन हॉलवर हजर झाले. आता ते आत जात नाहीत. समोरच्या फुटपाथवर उभे राहतात. वर बघणारं कुणी दिसलं की रस्ता ओलांडून त्याच्यापाशी जातात.

"ओळखीचा वाटतो?" ते विचारतात. मग खालच्या आवाजात सांगतात, "मूळ नाक याच्याहून मोठं होतं. भलतंच. कारागीर उत्तम, पण नाकाच्या बाबतीत जरा हात सैल. मी वेळीच लक्ष घातलं म्हणून निभावलं." हे सांगताना दोन्ही भुवया वर जातात.

मी एकदा काकूला विचारलं, खरं काय ते त्यांना कधी सांगणार. ती ओट्यापाशी मटार सोलत होती.

"कशाला?" ती म्हणाली. "उद्याच्या उद्या शिडी मागवतील. वर चढून बघतील आणि मग तिथेच बसून राहतील रुसून. खाली जेवायला कोण येणार?" तिनं सालं एका बाजूला केली. "आणि मी सांगते, तिथून ते खरंच छान दिसतात गं. बाजारातून येताना मी वाट वाकडी करून जाते हल्ली. हे समोरच्या फुटपाथवर असतील तर मात्र वर बघत नाही. नाहीतर त्यांना वाटायचं, मला नाक आवडलं."